काशीचं नाव सांगून केलेलं ऑपरेशन

पट्टी उचलली तसा पोटाचा टाका आपोआप सुटला आणि पू माझ्या हातमोज्यांवर ओघळला. बाई तापानं भाजत होती. बीपी खाली चाललं होतं.

कलबुर्गीच्या एका हॉस्पिटलात मी ड्रेसिंगला असते. जखम धुवायची, पट्टी बांधायची. ही बाई सुजाता, संतपूरच्या अडत्याची बायको.

"ऑपरेशन कुठं केलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हैदराबादला, मॅडम. हर्नियाचं," नवरा म्हणाला.

"हर्नियाला कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर? चरबी आणि कातडी काढलीय ही. टमी टक."

"तेच ते. पर हैदराबादच."

पू कल्चरला पाठवला. कुठला जंतू, कुठल्या औषधानं मरतो, ते त्यात कळतं. पण वेळ लागतो. तोवर ऑपरेशन हैदराबादचं धरून नेहमीचं औषध सुरू केलं. ताप हटेना.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना सुजातानं माझा हात धरला.

"अक्का, बँकॉकला केलंय. गावात काशीला चाललाव म्हणून सांगितलं. परसाद बी वाटला."

"मग झाकायलास कामून?"

"नणंदनं बी केलंय. तिची सोयरीक जमलीय. ती घरी तापानं पडलीय."

मी तशीच बाहेर जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. नवरा तिथंच होता.

"तिकडचे काही जंतू आपल्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत," त्या म्हणाल्या. "औषध बदलते. बहिणीला आत्ताच्या आत्ता आणा."

"तिला मलेरिया हाय. उद्या साखरपुडा हाय, मॅडम. पाव्हण्यांना काय सांगू?"

"मलेरियाच सांग," मी म्हणाले. "पर पोरीला आण. ती गेली तर अक्षता कुणावर टाकतोस?"

"म्हातारे, तू तुझी पट्टी बांध."

बांधली.

साखरपुडा उरकून तिला आणलं. नवी साडी, हातभर बांगड्या, ओठाला लाली. नख दाबलं तर रंग परतत नव्हता. जंतू रक्तात गेले होते. वहिनीला लागू पडलेलंच औषध तिलाही दिलं. उशीर झाला होता. बांगड्या मीच उतरवल्या.

पोट कुठं कापून घ्यायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ताप आला तर डॉक्टरला खरं ठिकाण सांगावं. काशीचा परसाद गावाला चालतो, जंतूला चालत नाही.

नणंद वाचली नाही. सुजाता वाचली.