गुणिले दहा, घात उणे तीन

आमच्या लॅबमध्ये आकडेमोड एकट्याने करायची नाही असा नियम आहे. पूर्वी पद्धत अशी होती: एकाने वहीतले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने कॅल्क्युलेटरवर दाबायचे, उत्तर दोघांनी बघायचं आणि दोघांनी सही करायची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात मी वीसेक वर्षं माल तपासते आहे. हा नियम मीच आणला. त्यामुळे त्यातली खोट मला सगळ्यांत उशिरा दिसली.

दोन वर्षांपूर्वी सहा महिन्यांच्या बोलीवर लॅबमध्ये एक बाई आली. वय पस्तिशीच्या आसपास, सासर जवळच्या दांडी या किनाऱ्यावरच्या गावात. पालघरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, विषय रसायनशास्त्र. पण लग्नानंतर दहा वर्षं तिने घरच्या बोटीवरची मासळी निवडली, बोंबील वाळवले आणि बोईसरच्या बाजारात बसून विकले. पहिल्या दिवशी एका केमिस्टने मुद्दाम हवा हुंगल्यासारखं केलं. ती म्हणाली, "सकाळी कुंभवलीपाशी रिक्षातून उतरले तर तुमच्या कंपन्यांच्या वासानं डोळ्यांतून पाणी आलं. आमच्या बोंबलानं असं कदी केलं नाय." तो पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही.

कामाला ती चांगली होती. काचसामान स्वच्छ धुवायची, वजन करताना हात स्थिर, नोंदी नीट. सहा महिन्यांनी साहेब ठरवणार होते, पक्की करायची की नाही. घरी तिने तेवढीच मुदत मागून घेतली होती. "पक्की झाले तर सासू काय बोलणार नाय," ती मला म्हणाली होती. "नाय झाले तर परत पाटी घेऊन बाजारात. मग मला कोण दुसऱ्यांदा सोडतंय?"

सहाव्या महिन्यात तिने तपासलेल्या तीन बॅच नापास झाल्या. मालात एक अशुद्धी असते, ती ०.०१ टक्क्याच्या आत लागते. तिची आली ०.०२७. बॅचवर लाल चिठ्ठी लागली, माल अडकला. साहेबांनी दुसऱ्या पाळीतल्या माणसाकडून नवा नमुना काढून तपासून घेतला, तर माल उत्तम. पंधरा दिवसांत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी प्लांटमधला ऑपरेटर लॅबच्या दारात येऊन म्हणाला, "मॅडम, माल को क्यूँ रुला रहे हो? लाल पर्ची आपके रजिस्टर पे लगाओ."

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, हाताला सफाई नाही तिच्या. नमुना कुठेतरी खराब होतोय. मी पुढच्या सोमवारी तिला 'पक्की करत नाही' असं सांगणार आहे. तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "सोमवारपर्यंत मला बघू द्या." तिच्यावर माझा फार विश्वास होता असं नाही. खरं तर मलाही वाटलं होतं की भांडी धुण्यात काहीतरी राहतंय. पण कारण न कळता बाई काढली, तर पुढच्या बाईच्या वेळी पुन्हा तेच होणार.

आधी मी तिच्या शेजारी उभी राहून, नमुना घेण्यापासून यंत्र आकडा देईपर्यंत, एक तपासणी बघितली. काही चुकलं नाही. मग तिन्ही बॅचची पानं आणि फेरतपासणीची पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. यंत्राचे आकडे दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते. म्हणजे नमुना खराब नव्हता, हात चुकला नव्हता. उत्तर तेवढं दहा पट होतं. तिन्ही वेळा दहा पट.

यंत्राने दिलेला आकडा ०.४२. त्याला गुणायचं ६.४ गुणिले दहाचा उणे तिसरा घात, याने. मी माझ्या कॅल्क्युलेटरवर केलं: ०.००२७. तिच्या पानावर ०.०२७. मी तिला हाक मारली आणि तेच आकडे वाचून दाखवले, नेहमी वाचते तसे.

"शून्य पॉइंट बेचाळीस, गुणिले सहा पॉइंट चार, गुणिले दहा, घात उणे तीन."

या वेळी मी कागदाकडे न बघता तिच्या बोटांकडे बघत होते. तिने ०.४२ गुणिले ६.४ दाबलं, पुन्हा गुणाकाराचं चिन्ह दाबलं, १ आणि ० दाबलं, मग घाताचं बटण, मग उणे तीन. आमच्या कॅल्क्युलेटरवरच्या त्या एका बटणात 'गुणिले दहा' आणि 'घात' हे दोन्ही येतं. ६.४ नंतर सरळ तेच दाबायचं असतं. आधी वेगळं गुणिले दहा दाबलं की एक दहा फुकटचा जास्त लागतो.

"हे असं का दाबलंस?"

"तुमी म्हणालात ना, गुणिले दहा? मग घात म्हणालात, ते बी दाबलं."

"आणि दुसरं कोणी वाचतं तेव्हा?"

"ते यूपीवाले केमिस्ट हायत ना, ते म्हणतात, छे पॉइंट चार, ई माइनस तीन. ई म्हंजे हे घाताचं बटन. त्यात दहा येतच नाय. मग मी पन नाय दाबत."

पहिले पाच महिने तिच्या जोडीला तोच असायचा; मी तिच्यासाठी वाचायला लागले ते सहाव्या महिन्यात. बाकीचे वर्षानुवर्षं माझ्या हाताखाली काम केलेले. मी 'गुणिले दहा' म्हटलं की त्यांचं बोट आपोआप त्या बटणावर जायचं. ही नवीन होती. मी जे बोलले तेवढं तिने इमानाने दाबलं. मी पुन्हा पानांकडे बघितलं. तिन्ही पानांवर दुसरी सही माझी होती. मी पडद्यावरचं उत्तर बघितलं होतं, ते कागदावर बरोबर उतरलंय हे बघितलं होतं आणि सही ठोकली होती. स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर एकदाही करून पाहिलं नव्हतं.

शनिवारी मी रिपोर्ट लिहून साहेबांपुढे ठेवला. कारणाच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं की वाचणारीची पद्धत चुकीची होती आणि वाचणारी मी. साहेबांनी दोनदा वाचला.

"मॅडम, ऑडिटवाले हा कागद बघतील. तुमचं नाव कशाला? 'आकडेमोडीतली चूक' एवढं लिहा. तिला अजून तीन महिने देऊ, बघू."

"तीन महिने कशाचे? तिचं काय बघायचं राहिलंय?"

"दाबलं तर तिनेच ना?"

"मी सांगितलं तसं दाबलं. आणि तपासायची जबाबदारी माझी होती, म्हणून तर दुसरी सही असते."

शेवटी साहेबांनी आहे त्या कागदावर सही केली. मी रिपोर्ट बदलला नाही. नियम मात्र बदलला: आता वाचणं नाही, दोघांनी आपापल्या कॅल्क्युलेटरवर वेगवेगळं करायचं आणि उत्तरं जुळली तरच सही. पुढे ऑडिटच्या वेळी त्या कागदावर मला अर्धा तास प्रश्न विचारले गेले. दिली उत्तरं.

त्या ठरलेल्या सोमवारी तिला पक्कं केल्याचं पत्र मिळालं. ते घेऊन ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, आता आभार वगैरे मानेल, आणि मी 'जा, काम कर' म्हणायच्या तयारीत होते.

"मॅडम, एक विचारू? पहिली बॅच गेली तेव्हाच का नाय केलंत हे? पंधरा दिवस मी घरी कोनाशी धड बोलले नाय. भांडी तीन तीन वेळा धुवत होते."

"पहिल्या वेळी मला वाटलं तुझंच चुकलं असेल."

"हं," ती म्हणाली. "मला पन तसंच वाटलं." पत्राची नीट घडी घालून तिने पर्समध्ये ठेवलं आणि पुढचा नमुना वजन करायला घेतला.