खालचा पाइप

"टोपण उघडू नका. आधी हाताला सांगू द्या," असं म्हणत मिस्त्री बॉनेटखाली वाकायचे. रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळहात, मग खालच्यावर. डोळे मिटलेले. तुमच्याही ओळखीचा असा एखादा मिस्त्री असेल, ज्याच्या हाताचा शब्द कुणी खाली पडू देत नाही.

वरचा पाइप तापलेला आणि खालचा गार, म्हणजे पाणी आत कुठंतरी अडलंय. दोन्ही तापलेले, म्हणजे पाणी फिरतंय. मग पंखा बघायचा. हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज. येता-जाता ते चिडवायचे, "काय पोरी, कॉलेजात खरं इंजिन दावत्यात, का फळ्यावरच तापवत्यात?"

एकदा त्यांच्या तळहातावर टपोरा फोड दिसला. "भाजलं?" मी विचारलं.

"भाजलं आसंल."

ते 'आसंल' मला खटकलं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "साखर हाय मला. बोटं झोपल्यात जरा. कुणाला बोलू नगस. मिस्त्रीचा हात गेला म्हटल्यावर हितं गाडी कोण लावंल?"

माझे वडील, आबा, वडापची जीप चालवत, सीटमागं भाडं घेऊन जोतिबाच्या डोंगरावर माणसं न्यायचे. त्याच महिन्यात जीप तापायला लागली. रविवारची गर्दी असते म्हणून आबांनी ती शनिवारीच दाखवायला आणली. मी कॉलेजातून येताना थांबले. तीन-चार ड्रायव्हर उभे होते. मिस्त्रींनी वर हात ठेवला, खाली ठेवला.

"दोन्ही तापल्यात. पाणी फिरतंय. पंख्याचा पट्टा ढिला हाय."

ते पाना आणायला वळले, तेव्हा मी खालच्या पाइपला हात लावला.

गार होता.

मी बोलायला हवं होतं. पण एवढ्या माणसांत त्यांना कसं म्हणायचं? आणि माझंच चुकत असलं तर? मी हात ओढणीला पुसला. घरी आल्यावर आबांनाही सांगितलं नाही.

रविवारी जोतिबाच्या चढाला जीप वाफ ओकत बंद पडली. माणसं सुखरूप उतरली, पण इंजिन जाम झालं. जीप ओढून गॅरेजला आणली, मीही तिथं गेले. मिस्त्रींनी खोलून बघितलं, तर पाणी सोडणारी झडप बंदच अडकलेली. आबांनी ओंजळ भरून तोंडावर पाणी मारलं आणि पायरीवर बसून राहिले.

मिस्त्री माझ्याकडं वळले. "तू खाली हात लावलावतास न्हवं?"

"हो."

"गार हुता?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस गं?"

मला रडू फुटलं. ते त्या झडपेकडं बघत म्हणाले, "मीच सांगितलंवतं की. बोलू नगस म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ड्रायव्हरांना बोटांचं सांगितलं. आठवड्यात गॅरेज बंद झालं. ते गारगोटीला लेकीकडं राहायला गेले, ते परत आले नाहीत.

निघायच्या दिवशी मी भेटायला गेले. पाने-पकडी पोत्यात बांधून झाल्या होत्या. टपरीवरून चहा आला. त्यांनी ग्लास उचलला, तोंडाशी नेता नेता थांबले आणि माझ्यापुढं धरला.

"बघ की. गरम हाय?"

मी ग्लासाला बोट लावलं. "लई गरम आहे, मिस्त्री. थांबा जरा."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. मी 'आता घ्या' म्हणेपर्यंत ते त्याच्याकडं बघत बसून राहिले.