अकराव्या ओळीचं कारण

ठाण्यातले लोक तिला मागून ‘कशावरूनबाई’ म्हणत, आणि हे तिलाही ठाऊक होतं. शिपायाने धावत येऊन सांगावं, “मॅडम, चौकात दंगा झालाय!” की ही मान वर करून विचारणार, “कशावरून?” मग तो बिचारा आल्या पावली परत चौकात. तिथून येऊन सांगणार, की दोन टेम्पोवाले आरशाला धक्का लागला म्हणून भांडतायत आणि बाकीचे पन्नास जण फुकटची करमणूक बघतायत. घरीही तीच तऱ्हा. नवरा एकदा हौसेने म्हणाला, “आज छान दिसतेस.” हिने विचारलं, “कशावरून?” तेव्हापासून तो माणूस बायकोचं कौतुक जपून करतो.

ती दिवसपाळीची फौजदार. कुठे किती शिपाई पाठवायचे हे ठरवणं तिचं काम, आणि काही वेळा स्वतः उठून जाणं. कुठल्या वेळी, ते तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. चौदा ओळींची यादी. यातलं काहीही घडलं की फौजदाराने जातीने जायचं आणि अर्ध्या तासात मोठ्या साहेबांना फोन करून कळवायचं. गोळी सुटली, मूल हरवलं, कोठडीतल्या माणसाची तब्येत बिघडली, या ओळींना कोण नाही म्हणेल? पण मधेच काही चमत्कारिक ओळी होत्या. चौथी म्हणते, पोलीस गाडीला साधा ओरखडा आला तरी. आठवी म्हणते, ठाण्याच्या जिन्यावरून कोणी घसरल्यास.

या ओळींचं तिला भारी कुतूहल. प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कधीतरी तोंडघशी पडलेलं असणार, असं तिचं मत होतं. खोदून खोदून विचारत तिने बहुतेकींचा छडा लावला होता. चौथीचं कारण एक ड्रायव्हर. त्याने गाडीचा ओरखडा बायकोच्या नेलपॉलिशने झाकला आणि रंग जुळेना. आठवीचं कारण ओला जिना. त्यावरून आधी तक्रार घेऊन आलेली एक म्हातारी घसरली, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्या वेळचे मोठे साहेब घसरले आणि ताबडतोब ओळ झाली.

अकरावी मात्र हाती लागत नव्हती. ‘एकाच घराबद्दल एकाच दिवशी दुसऱ्यांदा फोन आल्यास.’ एवढंच लिहिलेलं होतं.

नवे मोठे साहेब आले आणि महिनाभरात फोनांना विटले.

“अहो, मी जेवायला बसलो की तुमचा फोन ठरलेला,” ते तिला म्हणाले. “काल काय, तर कुत्रं भुंकतं म्हणून कुणीतरी दोनदा फोन केला. ते मला कशाला?”

“अकरावी ओळ, सर.”

“मग यादी छाटा. शुक्रवारी पाचपर्यंत प्रत्येक ओळीसमोर कारण हवं. कुठली घटना, कधीची, नोंद कुठे. जिला कारण नाही ती ओळ गेली.”

तिला राग आला. खरं तर त्या ओळीने आजवर तिला कुत्री, गळके नळ आणि जावाजावांची भांडणं याखेरीज काही दाखवलं नव्हतं. पण माणूस उगाच दुसऱ्यांदा फोन करत नाही. एकदा फोन करायलाच लोक दहादा विचार करतात. आज ओळ गेली, तर उद्या असा दुसरा फोन कुणीतरी शिपाई टेबलावरच निकालात काढणार, ही तिला खात्री होती. कशावरून? ते मात्र तिला सांगता येत नव्हतं.

बुधवारी ती नानांकडे गेली. नाना म्हणजे त्याच खुर्चीतले आधीचे फौजदार. तिला कामाचा क का कि की त्यांनीच शिकवला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ठाण्याच्या दारात त्यांचा फोटो होता, आणि नव्या पोराटोरांना तो दाखवून सांगत, असं काम करा. दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर नाना आणि काकू राहत.

नेलपॉलिशची गोष्ट सांगताना नाना डोळ्यांत पाणी येईतो हसले. मग तिने अकरावीचं विचारलं. नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“काढू दे ती ओळ,” ते म्हणाले. “साहेब नवे आहेत. राहू दे त्यांच्या मनासारखं.”

ती बघतच राहिली. हा माणूस अहवालातल्या एका स्वल्पविरामासाठी वरिष्ठांशी भांडलेला होता.

काकू तिला दारापर्यंत सोडायला आल्या. “मनावर घेऊ नकोस गं,” त्या हळूच म्हणाल्या. “हल्ली असेच मधेच गप्प होतात. दिवसातून तीनदा घड्याळाकडे टक लावून बसतात. गोळीची वेळ म्हणावी तर तीही नसते.”

गुरुवारी तिने अडगळीच्या खोलीतल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. शिंकून शिंकून नाक लाल झालं, पण यादीचा एकोणीस वर्षांपूर्वीचा मूळ कागद सापडला. अकरावी ओळ नानांच्याच हातची होती. वहीत त्या तारखेच्या दोन दिवस आधीच्या पानावर एक नोंद होती, तीही त्यांचीच. बंद घरात एकटी राहणारी बाई मृतावस्थेत. शेजारणीचा फोन दुपारी एक पंचवीसला. फौजदार तातडीने रवाना.

फोन एकच आणि फौजदार लगेच गेलेला. मग याच माणसाने दोन दिवसांनी दुसऱ्या फोनाबद्दल ओळ का लिहावी?

ती स्टुलावर बसली. उत्तर तिला समोर दिसत होतं. आता फक्त नानांकडे जाऊन विचारायचं होतं, की फोन खरंच एकच आला होता का, आणि कशावरून. आयुष्यात पहिल्यांदाच तिला तो प्रश्न विचारायचा नव्हता. विचारला, तर दारातला फोटो उतरणार होता. तिचा या माणसावर जीव होता. तिने वही मिटली, होती तिथे ठेवली आणि हात धुतले. शुक्रवारी दुपारी तेरा ओळींसमोर कारणं लिहून झाली होती. अकरावीसमोरची जागा कोरी होती.

चार वाजता नाना ठाण्यात आले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश. टेबलावरचा शिपाई ताडकन उभा राहिला. तिने आपली खुर्ची पुढे केली, पण नाना तक्रारदारांच्या खुर्चीवर बसले.

“एक घटना नोंदवायची आहे,” ते म्हणाले. “जरा उशीर झालाय.”

“नाना, आत बसून बोलू या का?”

“नको. इथेच. पेन घे.”

तिने पेन घेतलं.

“पहिला फोन नऊ चाळीसला. शेजारीण म्हणाली, पलीकडच्या बाई दार उघडत नाहीत. मी शिपाई पाठवला. तो कडी वाजवून परत आला. दुसरा अकरा दहाला. म्हणाली, आतून काहीतरी ठोकल्याचा आवाज येतोय. मी म्हणालो, अहो, शिपाई येऊन गेला ना? आता किती वेळा पाठवू? तिसरा एक पंचवीसला. म्हणाली, ठोकणं थांबलंय. तेव्हा मी गेलो.”

शिपायाने पंख्याचा वेग कमी केला. कुणी सांगितलं नव्हतं.

“न्हाणीत पडली होती. हातात प्लास्टिकचा मग. त्यानेच फरशीवर ठोकत होती. डॉक्टर म्हणाले, बारापर्यंत जीव होता. अकरा दहाला मी उठलो असतो तर ती वाचली असती. मी वहीत तीन फोनांचा एक केला. मग ओळ लिहिली, पण कारण नाही लिहिलं. आणि परवा तुला सांगितलं, काढू दे. फोटो वाचवायला सांगितलं, दुसरं काही नाही. तू गेल्यावर मला माझीच लाज वाटली.”

तिने सगळं लिहून घेतलं. वेळांपाशी पेन अडलं. नोंद म्हटली की आधार लागतो, आणि तो विचारायला तिला याच माणसाने शिकवलं होतं.

“नाना,” ती अगदी हळू म्हणाली, “पहिल्या दोन वेळा वहीत नाहीत. मग कशावरून?”

“रोज बघतो ना मी,” नाना म्हणाले. “एकोणीस वर्षं बघतोय.”

तिला काकूंचं बोलणं आठवलं आणि डोळे भरून आले. तिने मान खाली घातली. एकदा दाराकडे, फोटोकडे नजर गेलीच.

“तो नंतर काढ,” नाना म्हणाले. “आधी साहेबांना कळव. अर्धा तासच असतो.”

तिने फोन लावला. “सर, दिवसपाळीची फौजदार. एक मृत्यू कळवायचा आहे.”

“कधी घडला?”

तिने तारीख सांगितली. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग साहेबांनी विचारलं, “सांगणारे तिथेच आहेत का?”

“समोर बसलेत, सर.”

“त्यांना थांबवा. मी स्वतः येतो.”

फोन ठेवून तिने यादी पुढे ओढली आणि अकराव्या ओळीसमोरच्या कोऱ्या जागेत तिन्ही वेळा लिहिल्या. नऊ चाळीस, अकरा दहा, एक पंचवीस.