डब्यावरची चादर

कोऱ्या चादरीच्या खळीचा वास आला की सोलापूरच्या आमच्या कारखान्यातली एक दुपार आठवते. वडिलांनी आयुष्यभर काढलेली चादरींची डिझाइन्स जुन्या, रडतखडत चालणाऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्क स्टोरेजच्या नव्या डब्यात कॉपी करायला लावून मी जेवायला गेलो, आणि परत येतो तर डबा तापून बंद पडलेला, वर जाडजूड चादर पांघरलेली! मी वडिलांवर खेकसलो. "मागाचा कापूस उडतोय की रे, नाकातोंडात जाईल त्याच्या," ते ओशाळून म्हणाले, आणि डबा निवेपर्यंत मागावरच्या जुन्या डिझाइनच्या पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसले. मागाने नक्षी विणावी म्हणून भोकंभोकं पाडलेल्या त्या पुठ्ठ्याचा वारा कसला लागणार! पण डबा पुन्हा सुरू केल्यावर डिझाइन्स मात्र सगळी उतरली. आता तो डबा माझ्या घरी असतो, पुठ्ठाही. उन्हाळ्यात डबा तापला की पंखा लावायच्या आधी माझा हात पुठ्ठ्याकडे जातो.