मधला पापुद्रा

रोडगा फोडला की किसनकाका आधी चाखत नसत. तो डोळ्यांजवळ नेऊन मधला पापुद्रा निरखत. कणकेला घड्या घालून वळलेले हे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे काम आमच्या केनवड गावच्या कुठल्याही पंगतीला त्यांच्याकडेच असे. एरवी वांगी-टोमॅटो पिकवणारा हा आमचा साधा शेजारी त्या दिवशी कुणाचे ऐकत नसे. जाळ विझला, पोटात कावळे ओरडू लागले, तरी राखेला हात लावू देत नसत. म्हणत, "वरून तं सारेच लाल दिसतात बापा. मधात पाह्य."

चौकशांची त्यांना भारी हौस. मी सुट्टीवर गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "नवीन काय करून राह्यला तू?"

नोकरीत मी तेव्हा नवखा होतो. एका पंगतीच्या दिवशी त्यांना सांगितले, किरणोत्सारी कचरा पोलादी पिंपातून ट्रकने नेतात. ट्रक पेटला तर झाकणाखालचे रबरी कडे टिकेल का, ते मी संगणकावर मांडून बघतो. ते कडे वितळले तर आतले विष बाहेर. "पण टिकते," मी ऐटीत म्हणालो. चार दिवसांत माझा अहवाल जायचा होता.

"आग किती वेळ?"

"अर्धा तास."

"अन् मंग?"

"मग विझली. गणित संपलं."

काका राखेजवळच बसले होते. "कायले संपलं? आग विझली, पन पिंपात शिरलेली गरमी कुठी गेली? मधात तं आता पोचून राह्यली असंन."

नोकरीवर परतल्यावर मी गणित आग विझल्यानंतरही चालू ठेवले. बाहेरचे पोलाद निवत होते आणि आतले कडे तापत होते. बऱ्याच वेळाने त्याने मर्यादा ओलांडली. अहवाल थांबवला म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, पण झाकणाची रचना बदलली. फोनवर काकांना हे सांगितले, तर शाबासकी राहिली बाजूला, पुढचाच प्रश्न आला, "अन् पिंप आडवं पडलं तं?"

यंदा काका गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेलो. वरून ती पांढरी, थंड दिसत होती. त्यांचा मुलगा हात घालणार, तोच मी त्याचे मनगट धरले. "थांब. आधी मधात पाहू दे." काडीने उकरले, तर आत निखारा लाल होता. मला तिथेच रडू फुटले. लोक घाई करत होते, पण तो निवेपर्यंत मी कुणाला राखेला हात लावू दिला नाही.