कल्याणला गेलेले बाड

मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि ते छापले गेले नाही. यात कोणी माझे वाईट केले असते तर निदान त्याच्या नावाने बोटे मोडता आली असती. पण या प्रकरणात जे जे भेटले ते सगळे भले लोक होते. बोटे मोडायची तर ती स्वतःच्याच नावाने, आणि तेही करून झाले आहे.

आमचे बिऱ्हाड तेव्हा ठाण्याला तळ्याच्या अंगाला होते. यजमान कचेरीत कारकून. लग्न झाल्यावर त्यांनीच मला अक्षरओळख करून दिली आणि पुढे माझे अक्षर त्यांच्याहून चांगले झाले, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. आम्हाला एक मुलगी होती. सहा वर्षांची होऊन ती तापाने गेली.

दुपारची जेवणे उरकली की मी तिला गोष्ट सांगत असे. पण गोष्ट सरळ शेवटाला गेली असे एकदाही झाले नाही. व्यापाऱ्याच्या मुलीचे गलबत वादळात सापडले, माझाही आवाज जरा रडवेला झाला, की हिने विचारावे, "आई, गलबतात परसाकडे कुठे जायचं गं?" एकदा मिठागराच्या बाजूने येताना तिने पांढरे ढीग पाहिले आणि घरी आल्यावर राजकन्येला मधेच थांबवून विचारले, "सगळं मीठ लोक काढून नेतात, मग खाडी आळणी का होत नाही?" मी तिच्या वडिलांकडे पाहिले, तर ते हसत सुटले.

ती गेल्यावर वर्षाच्या आत मी त्या सगळ्या गोष्टी लिहून काढल्या. कचेरीतले रद्दी झालेले कागद यजमान आणत, त्यांच्या कोऱ्या बाजूला मी लिही. गोष्ट मधोमध, आणि तिने जिथे तोंड घातले तिथेच बाजूच्या समासात तिचे बोलणे, तिरके आणि बारीक अक्षरात, जसे ती बोलली तसेच. तिचा फोटो कधी काढला नव्हता. परकर-पोलकी रिवाजाप्रमाणे देऊन टाकली होती. तिचे म्हणून घरात हे कागद तेवढे होते.

यजमानांनी कागदांचे ते बाड दोन दिवस बसून वाचले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे छापायला हवं." तिथून आमच्या मागे साडेसाती लागली.

टेंभीनाक्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक लहानसा शिळाप्रेस होता. पंचांगे, लिलावाच्या नोटिसा, लग्नाच्या चिठ्ठ्या असले काम तिथे चाले. मालक आमच्या ओसरीवर आले, बाड मांडीवर घेऊन बसले आणि मी दाराआडून ऐकत उभी राहिले. मिठाच्या प्रश्नापाशी ते मोठ्याने हसले. म्हणाले, "वहिनींना सांगा, हे शिशाच्या टायपात नाही जमायचं. तिरकं अक्षर खिळे जुळवणारा कुठून आणणार? माझ्याकडे पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, की जसा हात तसा छाप. वहिनींनी स्वतःच लिहावं. मुलीचं बोलणं आहे तिथेच राहील." ओळखीतले थोडे वर्गणीदार जमवा, त्यांची नावे शेवटी छापू, एवढीच त्यांची अट होती. प्रती थोड्या निघणार होत्या, कागद पातळ, आणि पुस्तक ठाण्याबाहेर जाईल असे ते स्वतःही म्हणत नव्हते.

मग यजमानांना आपल्या मामांची आठवण झाली. हे मामा कल्याणला राहत, शाळाखात्यातून डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून पेन्शन घेतलेले. मुंबईतले दोन-तीन मोठे पुस्तकवाले त्यांच्या शब्दाला मान देत, आणि त्यांच्या मार्फत गेलेली पुस्तके शाळांत बक्षीस म्हणून वाटली जात. यजमान बाड घेऊन आगगाडीने कल्याणला गेले आणि संध्याकाळी परत आले ते निराळेच होऊन.

"मामा म्हणतात, आधी छापखाना गाठायचा नसतो. आधी मधला जाणता माणूस गाठायचा. गावच्या शिळाप्रेसवर एकदा छापून निघालं, की मुंबईवाला कोणी त्याला हात लावत नाही."

"मग ते देणार आहेत का मुंबईला?" मी विचारले.

"देतील. कापडी पुठ्ठा, शिशाचा टाईप. मुलींच्या शाळांतून जाईल म्हणाले. फक्त..." आणि ते बाडाची दोरी सोडत बसले. "फक्त मुलीचं बोलणं काढावं लागेल. गोष्ट तुटते म्हणतात. आणि ते परसाकडचं वगैरे शाळाखात्यात चालायचं नाही."

मी बाड उचलून कोनाड्यात ठेवले. ते आठवडाभर तिथेच होते. शेवटी एका सकाळी कचेरीत जायच्या आधी ते म्हणाले, "तूच सांग. टेंभीनाक्याला द्यायचं की कल्याणला?"

"इकडच्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाचं सोड. लिहिलंस तू, तूच सांग."

जन्मात मला कोणी काही विचारले नव्हते. लग्न कोणाशी, बिऱ्हाड कुठे, मुलीला वैद्य कोणता, सगळे परस्पर ठरत आले. विचारले ते हे एकच, आणि त्यात मी घोटाळा केला. माझी लेक उभ्या जन्मात ठाणे ते कल्याण एवढाच प्रवास करून गेली होती. माझ्या डोक्यात आले की या गोष्टी नाशकाला जातील, साताऱ्याला जातील, कुठल्या कुठल्या मुली त्या वाचतील, म्हणजे एका परीने तीच जाईल. तिचे बोलणे काढून टाकल्यावर त्यात ती जाणार कशी, हे माझ्या खुळीच्या ध्यानात आले नाही. आणि खरे सांगायचे तर कापडी पुठ्ठ्याचा मोहही होताच. मी म्हटले, "कल्याणला."

मामासाहेबांचा निरोप आला की नक्कल त्यांचा कारकून करील, आम्ही फक्त नको असलेल्या मजकुरावर शाई फिरवून पाठवावे. नुसती बारीक रेघ मारू नये, कारकून चुकून ती ओळ उतरवतो. दाट शाई फिरवावी. नक्कल मी स्वतःच का केली नाही, असे पुढे पुष्कळांनी विचारले. मी बसले होते की. गोष्ट भराभर उतरे, पण समासातली ओळ आली की हात चालत नसे. एकदा लिहिताना जेवढे सोसले तेवढे पुन्हा सोसवेना. शाई फिरवणे त्यामानाने सोपे गेले. तीन दुपारी मी ते काम केले, आणि प्रत्येक ओळ झाकताना मनात म्हणत होते, माझ्याच पोरीचे बोलणे मी विसरेन होय? ते सगळे माझ्यापाशी पाठ आहे.

बाड कल्याणला गेले. पुढची पाच वर्षे आमच्या घरी "काय झालं?" आणि "पाहताहेत" एवढेच बोलणे त्या विषयावर होत होते. यजमान दर दोन-तीन महिन्यांनी कल्याणला जात. मामासाहेब आगतस्वागत करीत, फराळाचे पुढे ठेवीत आणि सांगत की पुस्तक अमक्यांच्या टेबलावर आहे, मग तमक्यांच्या. मी बाईमाणूस, कोणाच्या दारात जाऊन "माझे कागद द्या" म्हणणार? आणि म्हणायचे तरी कुठल्या तोंडाने? तो माणूस आमच्यासाठी फुकट झिजत होता. त्यांनी कधी उपकाराची भाषा काढली नाही, याचाच मला जास्त राग येई.

शेवटी बाड परत आले, माझ्याच फडक्यात बांधलेले. सोबत मामासाहेबांची चिठ्ठी होती. पुस्तकवाल्यांचे म्हणणे, असल्या गोष्टींची पुस्तके हल्ली फार निघाली आहेत आणि यात निराळे असे काही दिसत नाही. तळाशी त्यांनी फार वाईट वाटल्याचे लिहिले होते, आणि ते त्यांना खरेच वाटले असणार.

निराळे असे काही दिसत नाही. मला हसू आले. मग रडू आले, आणि ते लवकर थांबेना.

शिळाप्रेस अजून चालू होता. मालक पुन्हा ओसरीवर आले. कसलाही टोमणा न मारता म्हणाले, "आणा, आता तरी छापू." बाड उघडून ते दोन-चार पाने चाळत गेले आणि थांबले. या खेपेला ते दाराकडे तोंड करून माझ्याशीच बोलले, "वहिनी, हे काळं काय केलंत? मिठाचं कुठे गेलं?"

मिठाचे मला आठवत होते, त्यांनाही आठवत होते. गलबताचेही आठवत होते. अशी पाच-सहा ठिकाणे मी सांगितली. "बाकीची आठवतील तशी भरा," ते म्हणाले, "मला घाई नाही." कोरे पिवळे कागद ठेवून गेले.

मी बसले. कागद उजेडासमोर धरून पाहिले. शाई इतकी चोख फिरवली होती की एक काना दिसेना. कुठली पट्टी दोन बोटे, कुठली चार, एवढेच कळे. मग मी मनाने प्रश्न रचून घातले. सहा वर्षांच्या मुलीने विचारले असते असे. यजमानांनी ते वाचले आणि माझ्याकडे न पाहता कागद खाली ठेवले. "हे तू विचारते आहेस," ते म्हणाले. खरेच होते. ते चाळिशीला टेकलेल्या बाईचे प्रश्न होते. मी ते कागद चुलीत घातले आणि मालकांना त्यांचे उरलेले कोरे कागद परत पाठवले.

बाड माझ्या ट्रंकेत आहे. शेवटची गोष्ट त्यात अर्धीच आहे, कारण ती मी तिच्या तापात सांगत होते. तिसऱ्या प्रहरी तिने डोळे उघडून काहीतरी विचारले आणि मी इतकी थकले होते की तिला धड उत्तर दिले नाही. तिचा प्रश्न मी जसाच्या तसा समासात लिहून ठेवला होता. त्यावर आता सर्वांत लांब पट्टी आहे. तिच्यापुढे माझे दोन शब्द तेवढे शाई फिरवायचे राहून गेले आहेत, "उद्या सांगते." काय सांगणार होते ते मला आठवत नाही.