तेलाचा डबा माझा होता

इंदूरच्या कचेरीसमोर बसून मी सत्तावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण दहावीपाशी थांबले. तथापि माझ्या हातचा अर्ज साहेबांनी परत केला असे सहसा घडलेले नाही, आणि पदवीधरही आपला मसुदा मला दाखवून जातात. हे आज अभिमानाने सांगवत नाही. याच लेखणीने मी एका निरपराध मनुष्यास चार वेळा तारखेला उभे केले. ते मला कोणी व कसे दाखवून दिले, तेवढेच येथे निवेदन करतो.

माझ्या जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे तेल बदलण्यासाठी मी सांवेर रोडवरील बद्रीजी मिस्त्रींकडे गेलो होतो; गिअरबॉक्स खोलणे हे त्यांचे आवडीचे काम. तेलाचा डबा राजवाड्याजवळच्या दुकानातून मी स्वतः निवडून नेला होता. दुकानात दोन दर्जांचे डबे होते, जीएल चार आणि जीएल पाच. कचेरीत ज्याचा दर्जा वरचा त्याचा हुकूम चालतो. तेव्हा पाच हे चाराहून श्रेष्ठ असलेच पाहिजे, असा माझा निष्कर्ष. बद्रीजींनी डबा हातात फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"वकील साब, ये मत डालो. इस गाडी में चार लगता है. पाँच वाला तेज है, अंदर की पीतल की रिंगें चाट जाएगा."

ते मला थट्टेने वकील म्हणत आणि मला ते आवडे. मी म्हणालो, "लिखा-पढ़ी मेरा काम है, मिस्त्री. तुम पाना चलाओ."

"जैसी मर्जी, भिया. गाडी तुम्हारी, तेल तुम्हारा," एवढेच बोलून ते मोटारीखाली सरकले. जुने तेल पूर्ण निथळू दिले, आणि भरण्याच्या छिद्रातून थेंब बाहेर डोकावेपर्यंत नवे तेल भरले. कामात तसूभर उणे ठेवले नाही.

वर्षभरात गिअर बदलताना खरखर सुरू झाली. पुढे तर दुसरा गिअर अधूनमधून पडेना. मी ग्राहकांच्या तक्रारींच्या कार्यालयात अर्ज दिला. "सदर मिस्त्रीच्या हलगर्जीपणामुळे" असा आरंभ करून दोन पाने सुबक भाषेत लिहिली. डबा कोणी आणला याचा उल्लेख केला नाही. मी खोटे एक अक्षर लिहिले नाही, असे त्या वेळी मनाला सांगितले.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, दृष्टी उतरू लागली. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येणार नाही. आक्का म्हणाली, "दिसतंय तोवर एकदा ओंकारेश्वरला नर्मदामैया पाहू दे रे. बाकी काही नको मला." मी तिला जुन्या घाटरस्त्याने घेऊन निघालो. उतारावर तिसऱ्यावरून दुसरा टाकू गेलो, तो गिअर पडेना आणि तिसराही हातचा गेला. मोकळी सुटलेली गाडी नुसत्या ब्रेकवर धावू लागली, जळका वास येऊ लागला. मी नर्मदेचे नाव घेतले. वळणावर रस्ता रुंद झाला तेथे गाडी कशीबशी थांबली, परंतु पुढे नेण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही.

"परत जाऊ आता," मी म्हणालो. आक्का पदराने चष्मा पुसत राहिली.

समोरच्या चहाच्या टपरीवरून एक वयस्कर गृहस्थ "नर्मदे हर" म्हणत आले. आयुष्यभर ट्रक चालविला, म्हणाले. इंजिन बंद करून, चालू करून त्यांनी गिअर चाचपले.

"तेल कौन सा डाला है इसमें?"

"पाँच."

"मिस्त्री ने मना नहीं किया?"

तक्रारीत न लिहिलेली गोष्ट येथे तोंडाने मागितली जात होती, आणि शेजारी आक्का ऐकत होती. नाही म्हणण्याचा विचार माझ्या मनात आला, हेही कबूल करतो. मग म्हणालो, "किया था. मैंने नहीं सुना."

"चलो, फिर चाबी दो."

त्यांनी प्रत्येक वेळी क्लच दोनदा दाबून, मध्ये किंचित थांबून, गिअर अलगद बसविला. आवाजही झाला नाही. मी मागे बसून होतो, हात मांडीवर ठेवून. ओंकारेश्वरला आम्हांला उतरवून ते गर्दीत निघून गेले. नावही विचारायचे राहिले. ते कोण होते याचा निकाल देणे माझ्या अधिकारात नाही.

आक्का घाटाच्या पायरीवर बसली. पाण्याकडे पुष्कळ वेळ पाहिले, ओंजळ भरून डोळ्यांना लावली. मग विचारले, "त्या मिस्त्रीला किती वेळा यावं लागलं रे तारखेला?"

"चार वेळा."

तिने पुन्हा पाण्याकडे तोंड फिरविले. याहून कठोर शब्द मला कोणी बोललेले नाहीत.

त्या गृहस्थांसारखाच क्लच दोनदा दाबत सावकाश परतल्यावर तक्रार मागे घेण्याचा अर्ज लिहून मी बद्रीजींकडे गेलो. त्यांनी तो सावकाश वाचला. "आपसी सहमति से... वाह. और डब्बा, वकील साब? डब्बा कहाँ गया?"

मी तो फाडला. तेथेच लाकडी खोक्यावर कागद ठेवून लिहू लागलो. दोनदा "अनवधानाने" लिहिले, दोनदा खोडले. अखेर लिहिले की तेल मी आणले होते, मिस्त्रींनी मनाई केली होती, मी ऐकले नाही. मी आजवर लिहिलेल्या अर्जांत हा सर्वांत तोकडा; त्यालाच सर्वाधिक वेळ लागला.

बद्रीजींनी त्याची प्रत घेऊन खिशात ठेवली. मी विनवले, "अब तुम्हीं गिअरबॉक्स खोलो. जो तेल कहोगे, वही."

"नहीं भिया," ते हात पुसत म्हणाले, "अब पराई गाडी का गिअर मैं नहीं खोलता. तारीख पर चार पेशी काफी हैं."

ते एका स्प्रिंगचा जुना पाटा ठोकू लागले. माझ्या तोंडाशी सवयीने दहा युक्तिवाद आले होते. एकही बोललो नाही. ते "नाही" मी तसेच्या तसे स्वीकारले आणि निघालो. आक्काला मैयेने दर्शन दिले. मला एवढे दिले, की एका मिस्त्रीचे बोलणे मी शेवटपर्यंत ऐकून घेऊ शकलो. ते त्या तेलाच्या डब्याच्या दिवशीच मिळाले असते, तर या मनुष्याचे हात त्याच्या आवडत्या कामाला पारखे झाले नसते.